सभापतींचा डावा पाय

सभापतींचा डावा पाय काट्यावर ठेवायला पाच माणसं लागली. पाचांत डॉक्टर मी एकटाच, त्यामुळं चावाही मलाच बसला. फार नाही. ॲप्रनची बाही गेली आणि अंगठ्यावर दोन दात उमटले. पण त्या दिवशी मोंढ्यात हजर असलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की डॉक्टरचा हात कोपरापर्यंत कुत्र्याच्या तोंडात होता. मीही हल्ली तसंच सांगतो. एवढ्या लोकांना खोटं कशाला पाडा?

काट्यावरचे लाल आकडे जरा नाचले आणि थांबले. एक किलो नऊशे.

"काटा बिगडलाय," मापाडी रंगनाथबाबा म्हणाले.

इथं थोडं थांबून ओळखी करून देतो. मोंढा म्हणजे आमच्या मराठवाड्यातला धान्याचा आणि कापसाचा बाजार. कोणत्या गावचा ते सांगत नाही. परभणीहून सेलूकडं निघालात की इकडंतिकडं कुठंतरी, एवढं पुरे. सभापती म्हणजे त्या मोंढ्यातला पिवळट, अर्धा कान तुटलेला, तीस किलोचा गावठी कुत्रा. नाव हमालांनी ठेवलेलं. खरे सभापती निवडणुकीगणिक बदलले. हे अकरा वर्षं बिनविरोध. काम एकच : लिलावाच्या शेडमधल्या सोयाबीनच्या, तुरीच्या ढिगाला मोकाट जनावरानं तोंड लावू नये, हे बघणं. बदल्यात हमालांच्या डब्यातली भाकरी आणि निजायला बाबांच्या काट्याशेजारचं पोतं.

रंगनाथबाबा खिल्लारे मापाडी, म्हणजे माल मोजणारे. विकणारा शेतकरी आणि घेणारा आडत्या यांच्या मधोमध मापाडी उभा असतो आणि त्याचा आकडा दोघांनाही मान्य करावा लागतो. बाबांची चाळीस वर्षं त्या मधल्या जागेत गेली. त्यांची एक रीत सगळ्या मोंढ्याला पाठ होती. पोतं काट्यावर पडलं की बाबा एक पाऊल मागं सरायचे, दोन्ही हात पाठीमागं बांधायचे आणि मग आकडा वाचायचे. तीनदा, मोठ्यानं. काट्याजवळ मापाड्याचा हात दिसला की शेतकऱ्याचं काळीज लटपटतं, म्हणून. लोक म्हणत, बाबा लग्नात मुंडावळ्या बांधल्यावरही हात मागं करूनच उभे होते.

राहिलो मी. सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं गाई-म्हशी केल्या. त्यातली निम्मी वर्षं माझा डावा हात म्हशीच्या आतच होता. त्याला जिल्ह्यातला उजेड फारसा माहीत नाही. निवृत्त झाल्यावर परभणीत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना टाकला. बायको म्हणाली, आता तरी हात कोरडे राहतील. राहिले नाहीत, पण ते असो.

तर या काट्याच्या आठ दिवस आधी बाबा सभापतींना टेम्पोत घालून माझ्याकडं आले होते. डाव्या पुढच्या पायाला मनगटाच्या वर लिंबाएवढी सूज. चालताना पाय उचलून धरायचा. बाबांना वाटलं होतं काटा रुतला असेल. मी एक्स-रे काढला. वाळवी लागलेली दाराची चौकट असते ना, वरून धड आणि आतून भुगा, तसं ते हाड दिसत होतं. हाडाचा कॅन्सर.

अशा वेळी पहिला विचार पाय काढण्याचा करतात. दुखणारं हाडच गेलं की दुखणं गेलं, आणि कुत्रं तीन पायांवर झकास पळतं. पण सभापतींच्या उजव्या कोपरात आणि दोन्ही खुब्यांत आधीच संधिवात होता. तीन पाय उरले असते, पण त्यातला धड एकही नाही. म्हणजे रोग बरा होणार नव्हता. माझ्या हातात एकच गोष्ट होती : जेवढे दिवस आहेत तेवढे विनादुखण्याचे करणं. आणि ते जमेनासं झालं की झोपेचं शेवटचं इंजेक्शन देऊन सोडवणं. दोन महिने, मी मनात धरले.

बाबांना हे सांगितलं तर ते माझ्याकडंच संशयानं बघायला लागले.

"दुखायलंय म्हंता साहेब, पर त्यो वरडत न्हाई. इवळत न्हाई. भाकर खायलाय. दुखत आसतं तर बोंबलला नसता का?"

ही चूक शिकलेली माणसंही करतात. जनावर दुखणं लपवतं. कळपात जो कण्हतो तो लांडग्याला आधी सापडतो, हे त्याच्या रक्तात आहे. कुत्रं ओरडतं ते अचानक लागलं तर. मुरलेलं दुखणं ते गिळून बसतं. मांजर तर या कामात बॅरिस्टर. माझ्याकडं एक मांजर आलं होतं, जबड्यात एवढं मोठं गळू, आणि मालकीण म्हणाली, "गुणी झालीय हो हल्ली, नुसती बसून असते." गुणी कसली! ती दुखण्यानं बसली होती. मांजरानं माळ्यावर उडी मारणं सोडलं, कुत्र्यानं दाराशी येणं सोडलं, अंग चाटणं सोडलं, की समजायचं. काय केलं यापेक्षा काय सोडलं, ते बघायचं.

पण बाबांना हे तोंडी पटेना. चाळीस वर्षं जो माणूस तोंडी बोलण्यावर विश्वास न ठेवण्यासाठीच नेमलेला होता, त्याला तोंडी काय पटणार? मग मी म्हणालो, "बाबा, दुखणं मोजूनच दाखवतो. तुमच्याच काट्यावर."

अशी ती पंचायत मोंढ्यात भरली. युक्ती माझी नाही, पुस्तकातली आहे. पण पुस्तकात चावा नव्हता. दुखरा पाय काट्यावर ठेवायचा, बाकीचे तीन पाय काट्याच्याच उंचीच्या फळ्यांवर. दुखत असेल तेवढा भार जनावर त्या पायावरून काढून घेतं. तीस किलोच्या धडधाकट कुत्र्याच्या पुढच्या प्रत्येक पायावर नऊएक किलो यायला पाहिजे. सभापतींच्या उजव्या पायावर ते आलेही, वर आणखी चार. डाव्यावर एक किलो नऊशे.

"काटा बिगडलाय," असं म्हणून बाबांनी काट्यावर वीस किलोचं शिक्क्याचं वजन ठेवलं. बरोबर वीस. पुसून, फुंकून परत ठेवलं. वीस. मग सभापतींना परत उभं केलं, एक पाऊल मागं सरले, हात पाठीमागं बांधले आणि तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा आवाज खाली आला होता.

"नऊ पायजे, आन दोन बी न्हाई," ते म्हणाले. "म्हंजी सात किलो दुख हाय, साहेब."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत दुखण्याची इतकी नेमकी व्याख्या मी कुणाकडून ऐकली नव्हती. सात किलो दुख. तेवढं घेऊन हा प्राणी माझ्या डोळ्यांदेखत शेपूट हलवत होता.

आता माझ्या अंगात एक खोड आहे. चार माणसं जमली की माझ्यातला वक्ता जागा होतो. चौदा हमाल भोवती उभे होते, त्यांचे मुकादम उस्मानभाई पुढं होते. मी एका पोत्यावर चढलो. मी म्हणालो, तुम्ही दिवसभर पोती उचलता, संध्याकाळी तुमची कंबर कशी ठणकते? अगदी तस्संच, त्याच्याहून दुप्पट, या मुक्या जिवाचं हाड ठणकतंय. उस्मानभाईंनी डोळ्याला गमछा लावला. एक दाढीवाला हमाल तर उघड रडला. असं भाषण निवडणुकीत केलं असतं तर मी तीनदा आमदार झालो असतो. त्या भाषणापायी कुत्रा जवळजवळ मेलाच होता, हे पुढं येईलच.

औषधं सुरू केली. एक कुत्र्यांसाठीची सूज आणि दुखणं कमी करणारी गोळी, दिवसातून एकदा, पोटात भाकरी पडल्यावर. दुसरं नसांचं औषध. दुखणाऱ्या नसा मेंदूकडं सारखी बोंब मारत असतात, त्यांचा आवाज ते कमी करतं. बाबांना बजावलं की याशिवाय दुसरी कसलीही दुखायची गोळी द्यायची नाही. फक्त बाबांना बजावलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

बाबा रोज सकाळी लिलावाआधी सभापतींना काट्यावर घ्यायचे आणि आकडा शेडच्या खांबावर खडूनं लिहायचे. दोन आठशे. तीन सहाशे. चार चारशे. नवव्या दिवशी सहा शंभर. शेतकरी सोयाबीनच्या भावाआधी खांब बघायला लागले. अकराव्या दिवशी सात दोनशे! मोंढ्यात पेढे वाटले. माझ्या गळ्यात हार पडला, झेंडूचा, सभापतींच्या गळ्यातून काढलेला.

मी घरी येऊन माझ्या वर्गमित्राला फोन लावला. तो परभणीतच प्राध्यापक आहे आणि आयुष्यभर मला म्हशीवाला म्हणत आलाय. आकडा सांगितला. त्यानं तो परत सांगायला लावला. मग म्हणाला, "एवढ्या औषधात सातच्या वर? विश्वास बसत नाही."

"हात लागतो," मी म्हणालो.

त्याच वेळी मला शंका यायला पाहिजे होती. पण हार ताजा होता.

तेराव्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. सभापतींनी रात्रीचं सगळं ओकून टाकलं होतं आणि शी डांबरासारखी काळी झाली होती. काळी शी म्हणजे पोटात रक्तस्राव. मी स्कूटर अशी पिटाळली की वाटेतल्या दोन एसट्या मला बाजू देऊन थांबल्या. जाऊन बघतो तर हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, डोळे खोल.

"बाबा, दुसरं काही दिलं?"

"बाबासाहेबाची आन, साहेब. तुमी सांगितलं तेवढंच."

तेवढ्यात माझी नजर उस्मानभाईंकडं गेली. एरवी हा माणूस क्विंटलचं पोतं उचलताना मान खाली घालत नाही. आता ते जमिनीवरचे दाणे मोजत होते.

"उस्मानभाई?"

"साहब, आपनेच बोला था," ते हळूच म्हणाले. "कमर जैसा दुखतंय म्हनून. तर मी म्हनलो, आपल्या कमरेची गोळी हाय, तिच्यातली अर्धी भाकरीत घालावी."

हमालांची सगळ्यांची कंबर गोळीवर चालते. मेडिकलमधून आणलेली पुडी प्रत्येकाच्या खिशात असते.

"आणखी कुणी दिली?"

मागून एक हात वर आला. मग दुसरा. चौदा हमाल, तेरा हात. चौदावा मेडिकलवर गोळ्या आणायला गेला होता. प्रत्येकानं दुसऱ्याला न सांगता दिलेली. नशीब एवढंच की सगळ्यांना एकाच दिवशी दया येत नव्हती. तो दाढीवाला, जो भाषणात रडला होता, तो सगळ्यांत दानशूर निघाला.

माणसाची दुखायची गोळी कुत्र्याच्या पोटाला भोकं पाडते आणि किडनीला धरते. त्यात अशा दोन गोळ्या एकत्र आल्या म्हणजे पेटलेल्या कडब्यावर रॉकेल. आणि मांजराचं विचाराल तर तापाची ती साधी पांढरी गोळी, घराघरात असते ती, एकच, मांजराचा जीव घ्यायला पुरेशी होते. हे मी तेव्हा पोत्यावर चढून सांगायला पाहिजे होतं. मी कंबर सांगून खाली उतरलो होतो. हमालांना मी एक शब्द बोललो नाही. बोलणार कोणत्या तोंडानं?

सभापतींना तिथंच काट्याशेजारी पोत्यावर घेतलं. पूर्वी जिथं तराजू टांगायचे त्या लोखंडी हुकाला सलाइन लावलं. पोटाची औषधं दिली. रक्त तपासायला परभणीला पाठवलं. किडनी थोडी दुखावली होती, बसली नव्हती. दुसऱ्या दिवशी हिरड्यांना रंग आला. जीव वाचला.

पण खरी अडचण आता होती. आधीच्या गोळ्या अंगातून निघून जाईपर्यंत, निदान आठवडाभर, सूज-दुखण्याची कुठलीही गोळी देता येणार नव्हती. म्हणजे ते सात किलो परत येणार होते. मी नसांच्या औषधाचा डोस वाढवला. भूल देतात त्या औषधाचा अगदी चिमूटभर अंश सलाइनमधून हळूहळू सोडला. एवढ्याशा डोसात झोप लागत नाही, पण दुखण्याची धार बोथट होते. दिवसभर मी पोत्यावर बसून थेंब मोजत होतो. लिलाव माझ्या डोक्यावरून चालला होता.

संध्याकाळी बाबा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "साहेब, एक ठरवू. दोनच्या खाली सलग तीन दिस आला, तर सोडवा तेला. मी रडंल, भांडंल, माझं ऐकू नका. त्याचे हाल करून मला त्यो नको हाय."

मी शब्द दिला. आमच्या धंद्यात हे आधीच ठरलेलं बरं असतं. बाबांना म्हणालो, ऐन वेळी माणूस डोळ्यांनी बघत नाही, मायेनं बघतो; तिचं ऐकायचं नाही.

पहिल्या दिवशी एक सातशे. दुसऱ्या दिवशी एक सहाशे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ते इंजेक्शन बॅगेत घालूनच गेलो. हमाल आधीच येऊन उभे होते. आडते दुकानं सोडून आले होते. मोंढा एवढा गप्प मी फक्त एकदा पाहिलाय, भाव पडला होता तेव्हा. बाबांनी सभापतींना उचलून फळ्यांवर ठेवलं, डावा पाय काट्यावर टेकवला. लाल आकडे नाचले.

दोन किलो तीनशे.

"दोन तीनशे," बाबा म्हणाले. "दोन तीनशे. दोन..."

उस्मानभाई पत्र्याकडं बघत होते. दाढीवाला गेटकडं. चौदाच्या चौदा माणसं कुठं ना कुठं बघत होती, काट्याकडं कुणीच नाही. मला कळेना, एवढा चांगला आकडा आणि कुणाला आनंद कसा नाही? मग मी बाबांकडं बघितलं.

बाबा मागं सरले नव्हते. त्यांचा उजवा तळवा सभापतींच्या डाव्या खांद्यावर होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं कुरवाळतायत. पण बोटांची नखं पांढरी झाली होती.

"बाबा," मी म्हणालो, "हात."

ते तसेच उभे राहिले. मग हात उचलला. आकडा उतरला. एक आठशे.

बाबा पोत्यावर बसले. म्हणाले, "चाळीस सालात पैल्यांदा काटा मारला, साहेब. आन तो बी जमला न्हाई."

मोंढ्यात काटा मारणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. त्या माणसानं सावकाराच्या धाकानं दहा ग्रॅम सोडले नव्हते की पुढाऱ्याच्या फोननं. आणि कुत्र्यासाठी पाचशे ग्रॅम दाबले. हमालांनी बघितलं आणि सगळ्यांनी माना फिरवल्या. या मोंढ्यात साक्षीदार कमी नव्हते. साक्ष देणारा कुणी नव्हता.

मी मात्र त्या आकड्याकडं बघत होतो. एक सातशे, एक सहाशे, एक आठशे. दोनच्या खालीच, कबूल. पण घसरण थांबली होती आणि काटा वर वळला होता. औषध लागू पडत होतं, नुसतं पुरत नव्हतं. हे मला खऱ्या आकड्यानं सांगितलं. दोन तीनशे खरं धरलं असतं तर मी खूश होऊन तेच औषध तेवढंच चालू ठेवलं असतं आणि सभापती गुपचूप ते दुखणं गिळत पडले असते. बाबांच्या हातानं त्यांचा घात झाला असता.

"बाबा, शब्द मी मोडतोय, तुम्ही नाही," मी म्हणालो. "चार दिवस द्या."

"तुमीच म्हनला हुता, ऐन टायमाला मायेचं ऐकायचं न्हाई."

"ही माया नाही. तुमच्याच काट्याचा आकडा आहे. तीनदा वाचा."

त्यांनी खरंच वाचला. बसल्या जागेवरून, हात मागं करून. मग म्हणाले, "चारच."

मी वर्गमित्राला फोन केला. आधी त्यानं मला तीन मिनिटं म्हशीवाला, भाषणवाला, हारवाला असं सगळं म्हणून घेतलं. मग मुद्द्यावर आला. त्याच दुपारी आम्ही दोघांनी मिळून दोन गोष्टी केल्या. दात काढताना हिरडी बधिर करतात, तसं सभापतींच्या पायाकडं जाणाऱ्या नसांभोवती औषध सोडून पाय काही तास बधिर केला. सारखी बोंब मारून दमलेल्या नसांना तेवढी विश्रांती मिळाली. आणि रक्ताच्या नव्या रिपोर्टात किडनी सावरलेली दिसली, म्हणून हाड पोखरण्याचा वेग कमी करणारं सलाइन दिलं. माणसांच्या ठिसूळ हाडांना देतात तेच. ते लगेच दिसत नाही. तीन-चार दिवस घेतं. चार दिवस माझ्याकडं होते, मोजून.

पाय बधिर असतानाचा आकडा बाबांनी खांबावर लिहिलाच नाही. म्हणाले, भिजलेल्या मालाचं वजन धरत नसतेत. दुसऱ्या दिवशी दोन पाचशे. मग तीन शंभर. चौथ्या दिवशी चार. उस्मानभाईंनी पत्र्याखाली नमाजाला बसावं तसे गुडघे टेकून आकडा वाचला. आठवडा झाल्यावर कुत्र्याची गोळी पुन्हा सुरू केली, पोटाच्या औषधासोबत, आणि यावेळी मी पोत्यावर चढून पुरतं भाषण केलं. उस्मानभाईंनी खांबावर आकड्यांच्या वर कोळशानं लिहिलं : सभापतींना गोळी देणाऱ्याची हमाली बंद. डबे उघडायच्या आधी ते स्वतः सगळ्यांचे खिसे तपासायचे. दाढीवाल्याचे दोनदा.

सहा चारशे. सहा आठशे.

आणि मग तो सोयाबीनचा दिवस. दिवाळी तोंडावर, आवक फुटलेली, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. देवाला सोडलेला एक वळू गेटातून आत आला. वळू कसला, शिंगं लावलेला ट्रक. हमाल पोत्यांवर चढले, आडते गाद्यांवर, मी एका आडत्याच्या मागं. वळू सरळ सोयाबीनच्या ढिगाकडं निघाला.

सभापती पोत्यावरून उठले.

पळाले नाहीत. पळायला मी बंदी केली होती, तसलं हाड झटक्यानं मोडतं. आणि सभापती माझ्या सगळ्या पेशंटांत शिस्तीचे. चारही पाय नीट टेकवत, डावा पायसुद्धा, पंजाची बोटं पुरती पसरून, ते चालत जाऊन ढिगाच्या पुढं उभे राहिले. एकदाच भुंकले. लिलावाची बोली मधेच थांबली. वळूनं विचार केला. आम्हा सगळ्यांना तो विचार करताना दिसला. मग तो वळला आणि गेटातून बाहेर पडला. जिंतूरची माणसं सांगतात, तो तिथं पोचेपर्यंत थांबला नव्हता.

मोंढ्यात जी आरोळी उठली ती सेलूच्या स्टेशनवर ऐकू गेली. बाबांनी कुणाचं काही ऐकलं नाही. तसंच सभापतींना काट्यावर घेतलं. एक पाऊल मागं. हात पाठीमागं, एवढे घट्ट की एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं.

"सात शंभर. सात शंभर. सात शंभर." मग माझ्याकडं वळून, "पाच किलो दुख उतरलं, साहेब. दोनच ऱ्हायलं."

मी दोन महिने मनात धरले होते. सभापती सहा महिने राहिले. सोयाबीन गेलं, तूर गेली, हरभऱ्याची आवक सुरू झाली, तेव्हा एका सकाळी फोन आला.

"जयभीम साहेब. तीन दिस झाले. दीड, दीड, आन आज सव्वा." मग म्हणाले, "हात मागंच हायेत."

मी बॅग घेऊन गेलो. सभापतींनी उस्मानभाईंच्या हातचा पेढा खाल्ला, बाबांच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि आधी झोपेचं औषध, मग दुसरं. बाबांच्या भाषेत सांगायचं तर दुखाचा काटा शून्यावर आला. त्या दिवशी मोंढा अर्धा दिवस बंद होता. खऱ्या सभापतींपैकी एकासाठीही तो बंद झाला नव्हता, हे मी स्वतः चौकशी करून सांगतोय.

आता माझ्या दवाखान्यात दारातच एक जुना काटा आहे. हमालांनी आणून बसवला, फळ्यांसकट. आजारी कुत्रं आलं की आधी चारही पाय मोजतो, मग औषध. मांजर काट्यावर उभं राहत नाही, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याच्यासाठी घरच्यांना वहीत लिहायला सांगतो, आज कपाटावर चढलं की नुसतं खुर्चीवर. रविवारी बाबा येऊन काट्याशी बसतात. कुत्र्याचा मालक खांद्यावर हात ठेवायला गेला की ते काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. मालक हात काढतो.

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच. जनावराला दुखतंय का, हे जनावराला विचारून उपयोग नाही. ते सांगणार नाही. त्याच्यावर जीव असलेल्या माणसाला विचारून तर मुळीच उपयोग नाही. काट्याला विचारा. आणि विचारताना हात मागं.